घोड्यांची वाट

पासाऊ सोडलं की डॅन्यूबच्या काठावर थोड्या थोड्या अंतराने आकड्यांच्या पाट्या दिसू लागतात. २२२५, २२२४, २२२३. पहिल्या दिवशी मी या आकड्यांचा अर्थ उलटा लावला. सायकलवाल्याला वाटतं, पाटी आहे म्हणजे आपल्यासाठीच असणार. पुढच्या गावाचं अंतर असेल. पण या पाट्या बोटींसाठी आहेत. जगातल्या बहुतेक नद्यांचं अंतर उगमापासून मोजायचा मोह होतो, डॅन्यूबचं मात्र मुखापासून मोजतात. काळ्या समुद्राशी शून्य आणि तिथून वर चढत जाणारे आकडे. त्यामुळे प्रवाहाबरोबर निघालेल्या माणसाला दिवसभर आकडे उतरताना दिसतात आणि समुद्र अजून किती लांब आहे हे नदी न विचारता सांगत राहते.

पासाऊ जर्मनीच्या सीमेवरचं गाव, साधारण २२२६व्या किलोमीटरला. व्हिएन्नाचा राइशब्र्युके पूल १९२९ला. म्हणजे नदीच्या मापाने सुमारे ३०० किलोमीटर. एवढ्या अंतरात पाण्याची पातळी खाली येते ती जेमतेम १३० मीटर. भागाकार केला तर किलोमीटरमागे ४५ सेंटिमीटरांहूनही थोडी कमी. जुन्या मापात सांगायचं तर कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा एक हात. एका किलोमीटरला एक हात उतार! डोळ्याला तो दिसत नाही, मांड्यांना तर मुळीच कळत नाही. घाट चढून-उतरून तयार झालेल्या मराठी सायकलवाल्याचा हात तिकडे सवयीने गिअरकडे जात राहतो, आणि पुढे काहीच येत नाही.

तरी नदी सपाट आहे म्हणून काठही सपाट असेल, असं धरून चालू नये. पासाऊपासून खाली पहिले साठ-सत्तर किलोमीटर डॅन्यूब ग्रॅनाइटच्या डोंगरांतून वाट काढते. दोन्ही बाजूंनी झाडी थेट पाण्यापर्यंत उतरलेली, मध्ये मध्ये उघडे कडे, डोंगरातून येणारे ओढे. हे सगळं जसंच्या तसं राहिलं असतं तर इथून सायकल सोडा, शेळीसुद्धा धड गेली नसती. आज तिथे पाण्यापासून थोड्याच उंचीवर अडीच-तीन मीटर रुंदीची, एकसारखी, गुळगुळीत वाट आहे. ती कुणीतरी केली आहे, आणि करताना सायकल त्याच्या स्वप्नातही नव्हती. सायकलचा शोधच लागला नव्हता.

वाट केली ती घोड्यांसाठी. ऑस्ट्रियात तिला ‘ट्रेपेलवेग’ म्हणतात. आगबोटी येण्याआधी नदीतून खाली जाणं सोपं होतं. प्रवाह नेईल तसं जायचं, फक्त खडक चुकवायचे. उल्म गावाहून निघणाऱ्या सपाट बुडाच्या लाकडी होड्या तर परत आणायचा विचारही कुणी करत नसे. व्हिएन्नाला किंवा त्याच्याही खाली पोचलं की माल उतरवायचा आणि होडी फोडून लाकूड विकून टाकायचं. अडचण होती ती वर यायची. हंगेरीचं धान्य, खालच्या भागातली वाइन वर आणायची तर प्रवाहाविरुद्ध ओढत आणावी लागे. आधी हे काम माणसं करत, पुढे घोडे. एका मोठ्या ताफ्यात तीस-चाळीस, कधी साठपर्यंत घोडे. जाड दोरखंड, घोड्यांवर बसलेले स्वार, होड्यांवरचे खलाशी, चाऱ्याची वेगळी होडी, स्वयंपाकाची वेगळी. सगळा गावगाडाच काठाने सरकत वर जायचा.

आता या घोड्यांना काय लागतं ते बघा, म्हणजे वाटेचा प्रत्येक गुण उलगडतो. घोडा ओझं ओढत असताना त्याला चढ नको, कारण त्याची सगळी ताकद आधीच दोरात गुंतलेली आहे. म्हणून वाट सपाट. दोर जितका तिरका तितकी होडी काठाकडे खेचली जाते, म्हणून वाट पाण्याला अगदी लागून. आणि घोडा व होडी यांच्यामध्ये एखादं झाड आलं तर दोर अडकलाच, म्हणून वाट आणि पाणी यांच्यामधली झाडी पिढ्यान्‌पिढ्या छाटत आलेली. आज सायकलवर बसून डाव्या हाताला तासन्‌तास उघडी नदी दिसते, पर्यटक फोटो काढतात, ‘काय देखावा आहे’ म्हणतात. त्या देखाव्याची सोय दोर अडकू नये म्हणून झालेली आहे.

१८२९मध्ये डॅन्यूबवर आगबोटी चालवणारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या काही दशकांत घोड्यांचं काम संपत गेलं. वाट मात्र पुसली गेली नाही. काठाची देखभाल करणाऱ्या, नदीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी माणसांना ती लागतच होती. आपल्याकडे कालव्याच्या कडेने पाटकऱ्यासाठी ठेवलेली वाट असते ना, तसंच. पुण्यातल्या मुठा कालव्याच्या काठाने पहाटे फिरायला जाणाऱ्या लोकांना ही चीज ठाऊक आहे: रस्ता म्हणून बांधला नाही, म्हणून रस्त्याची पीडा नाही. ऑस्ट्रियातल्या वाटेचं शेकडो किलोमीटरभर असंच झालं. मोटारींना बंदी आधीपासूनच होती, कारण ती जलमार्ग खात्याची खासगी वाट. १९८०च्या दशकात सायकलींना त्या बंदीतून सूट मिळाली, दिशादर्शक पाट्या लागल्या आणि पाहता पाहता हा युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गांपैकी एक ठरला. आज अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या मार्गाचा तो एक तुकडा आहे.

गजबजलेला म्हटलं खरं, पण ही गजबज कानाला लागत नाही. साखळीचा किरकिराट, टायरखाली बारीक खडी चुरडल्याचा आवाज, मागून येणाऱ्याची एक घंटा. जुलैच्या दुपारी मोठ्या टोळीने येणारे आजी-आजोबा गप्पा मारत मागे टाकून जातात, तेव्हा जरा अपमान होतो. त्यांच्या सायकलींना बॅटरी असते हे थोड्या वेळाने लक्षात येतं. माझी भाड्याची सायकल साधी होती आणि तिला एक खोड होती. ती खोड तिकडच्या बऱ्याच भाड्याच्या सायकलींना असते. पायडल उलटं फिरवलं की मागचा ब्रेक लागतो. आपल्याला उतारावर, सिग्नलला, नुसतं बसल्या बसल्या पाय मागे फिरवायची सवय. पहिल्या तासात मी तीनदा जागच्या जागी थांबलो, तिसऱ्यांदा एका सफरचंदाच्या झाडाला टेकून.

घोड्यांनाही काही ठिकाणी हार मानावी लागे. २१८७व्या किलोमीटरच्या आसपास श्ल्योगन इथे नदी ग्रॅनाइटच्या डोंगराला धडकून पुरती उलटी वळते, आली त्याच दिशेकडे तोंड करते आणि मग पुन्हा वळून सुटते. या वळणाच्या एका अंगाला डोंगर सरळ पाण्यात उतरतो. उत्तरेच्या काठाने येणारी वाट तिथे संपते. संपते म्हणजे खरोखरच संपते, पुढे जागाच नाही. मग छोट्या होडीत सायकली चढवायच्या, नदीने तेवढा तुकडा पाण्यावरून जायचं आणि पुढे परत काठावर उतरायचं. होडीवाला सायकली एकीला एक टेकवून रचतो, हँडलं एकमेकांत अडकतात, उतरताना कोणाची कुठली यावर थोडा गोंधळ होतो. खडक आडवा आला की जुने ताफेही असेच अडत. घोडे पडावात चढवून पलीकडच्या काठाला न्यायचे आणि दोर पुन्हा जोडायचे. घाबरलेले चाळीस घोडे होडीत चढवणाऱ्यांपुढे आपला हँडलांचा गुंता काहीच नाही.

मग प्रश्न उरतो, इतक्या सोयीच्या सपाट पट्टीवर हमरस्ता का झाला नाही? काही ठिकाणी झालाच. पण बऱ्याच ठिकाणी रस्ता वर सरकला, रेल्वे वर सरकली, घरंसुद्धा वर सरकली. याचं उत्तर पासाऊच्या जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. तिथे पुराच्या खुणा कोरल्या आहेत, एकावर एक, प्रत्येकीशेजारी साल. डॅन्यूब, इन आणि इल्त्स या तीन नद्या याच गावात मिळतात, त्यामुळे इथल्या पुराला तीन तोंडं असतात. ३ जून २०१३ला इथे पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढलं. १५०१नंतर एवढं कधी चढलं नव्हतं. ती खूण बघायला मान वर करावी लागते. त्या भिंतीपुढे उभं राहिलं की खालची सायकलवाट मोटारींपासून मोकळी का आहे ते कळतं. पाणी चढलं की सगळ्यात आधी बुडते ती हीच. ज्या जमिनीवर नदीने हक्क सोडलेला नाही तिथे कोण महागडा रस्ता बांधणार? घोडा, पाटकरी आणि सायकलवाला यांचं मात्र भागतं. पाणी ओसरलं, गाळ खरवडला, की वाट पुन्हा चालू.

लिंत्सच्या खाली मैदान लागतं. २००२च्या पुराने या पट्ट्यातली गावं इतकी नागवली की माखलांड भागात सुमारे ३६ किलोमीटरचा पूरबांध घालायला घेतला. तो २०१२मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची परीक्षा झाली, बांध टिकला. मात्र माखलांडच्या आधी, लिंत्स सोडल्यावर वीसेक किलोमीटरवर, माउटहाउझेन येतं. काठावरचं टुमदार गाव, फुलांच्या कुंड्या, आइस्क्रीमचं दुकान. वर टेकडीवर, ग्रॅनाइटच्या खाणीशेजारी, नाझींनी १९३८मध्ये छळछावणी उभारली. सुमारे १,९०,००० माणसं या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत डांबली गेली आणि निदान ९०,००० मेली. खाणीच्या १८६ पायऱ्या कैदी पाठीवर दगड घेऊन चढत. सगळ्या सपाट प्रवासात मुद्दाम चढावा असा चढ हा एकच. बरेच सायकलवाले तो न चढता पुढे जातात, आणि संध्याकाळच्या मुक्कामाची घाई मलाही होती. मी चढलो, त्याबद्दल इथे अधिक लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

चढ नसलेल्या प्रवासात थकवतो तो वारा. हिशेब सोपा आहे. सामानासह शंभर किलो वजन ताशी १५ किलोमीटरने सपाटीवर न्यायला साधारण ५० वॉट पुरतात. त्यातले निम्मे टायर आणि जमीन खातात, निम्मे हवा. आता समोरून ताशी १० किलोमीटरचा, म्हणजे झाडाची पानं हलवण्याइतपतच, वारा सुटला तर तोच वेग राखायला जवळजवळ दुप्पट जोर लागतो. चढाला निदान माथा तरी असतो, वाऱ्याला तो नाही. डॅन्यूबच्या खोऱ्यात वारा जास्त करून पश्चिमेकडून येतो. लोक पासाऊहून व्हिएन्नाकडे जातात आणि परत येताना आगगाडीत बसतात, त्याचं खरं कारण हे आहे. तो एक हातभर उतार उगाच श्रेय घेऊन जातो.

ऑस्ट्रियाच्या डॅन्यूबवर सीमेवरचं योखेनश्टाइन धरून दहा जलविद्युत केंद्रं आहेत. त्यांच्यामागे पाणी तलावासारखं थबकलेलं असतं. काठाने जाताना आपण कुठल्या दिशेने चाललो आहोत हे पाण्याकडे बघून सांगता येत नाही. नदी मोकळी वाहते अशा दोनच जागा उरल्यात. एक, मेल्क ते क्रेम्स यांच्यामधली वाखाऊची दरी. दुसरी व्हिएन्नाच्या खाली. वाखाऊबद्दल पर्यटनाच्या पुस्तकांत इतकं लिहिलं जातं की मी आवरतं घेतो: मेल्कचा पिवळा मठ, जर्दाळूच्या बागा, दगडी पायऱ्यांवरचे द्राक्षमळे, आणि विलेनडॉर्फ, जिथे १९०८मध्ये रेल्वेच्या कामात अकरा सेंटिमीटर उंचीची, सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची दगडी स्त्रीमूर्ती सापडली. इथली सायकलवाट सगळीच वाहनमुक्त नाही. उत्तर काठाला ती गावांच्या बोळांतून आणि हमरस्त्याच्या कडेने जाते. शांतता हवी असेल तर दक्षिण काठ बरा.

आणि काठ बदलायचा तर श्पिट्स गावची तर आहे. तर म्हणजे आपल्या अर्थाने तर, नावाडी असलेली. पण हिला ना वल्हं, ना इंजिन. नदीवर उंच, या काठापासून त्या काठापर्यंत, पोलादी तार ताणलेली आहे. तारेवर कप्पी, कप्पीपासून खाली आलेला दोर, दोराला बांधलेली तर. मोटारी, सायकली, माणसं चढली की नावाडी सुकाणू फिरवतो. तर प्रवाहाला किंचित तिरकी होते. बस. पाणी तिला खाली ढकलायला बघतं, दोर जाऊ देत नाही, आणि त्या ओढाताणीत ती आडवी सरकू लागते. पतंग जसा वाऱ्याच्या आणि मांज्याच्या भांडणावर तरंगतो, तसाच. डोक्यावर कप्पीचा घरंगळ आवाज येतो, खाली पाण्याचा सळसळाट, बाकी काही नाही. मध्यावर वेग चांगलाच वाढतो, कारण तिथे धार जोरात असते. पलीकडे पोचता पोचता नावाडी सुकाणू सरळ करतो, ढकलणं संपतं, आणि तर धक्क्याला अलगद टेकते. नदी थबकलेली असती तर हा खेळ चालला नसता. मी काही काम नसताना दोनदा इकडून तिकडे गेलो. नावाड्याने तिसऱ्यांदा पैसे घेताना माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

व्हिएन्नात शिरतानाही मोटारींशी फारशी गाठ पडत नाही. शहराला पुरापासून वाचवण्यासाठी १९७२ ते १९८८ या काळात डॅन्यूबला समांतर दुसरं पात्र खणलं, आणि खणून निघालेल्या मातीतून मधोमध २१ किलोमीटर लांबीचं बेट झालं. राजधानीच्या पोटातून सायकलने जायचं आणि बाजूला लोक पोहत, मांस भाजत बसलेले. इथेही वाट पुराच्या कृपेनेच.

बहुतेक लोकांचा प्रवास इथे संपतो. माझ्या मते ते चुकतात. खरं जंगल पुढे आहे. शहराच्या पूर्वेला लोबाऊपासून एक पूरबांध सुटतो आणि तीस-पस्तीस किलोमीटर जवळजवळ सरळ जातो. मार्खफेल्डची शेतं बुडू नयेत म्हणून तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर घातला गेला. बांधाच्या माथ्यावर सायकलवाट आहे. वर पासाऊला नदी एक क्षण नजरेआड होत नव्हती; इथे ती दिसतच नाही. उजवीकडे नदीचं वन, ज्याला तिकडे ‘आऊ’ म्हणतात: पांढरे आणि काळे पॉप्लर, वाळुंज, वेली, मेलेली झाडं पडली तशीच पडलेली, मध्ये जुन्या पात्रांची हिरवी डबकी. वसंतात रानलसूण उगवतो आणि अख्ख्या जंगलाला फोडणीचा वास येतो. बीव्हर इथे नाहीसा झाला होता, १९७०च्या दशकात पुन्हा सोडला. आता कुरतडलेल्या बुंध्यांवरून त्याची हजेरी कळते. दरवर्षी पाणी चढलं की हे वन गुडघाभर, कमरभर बुडतं, आणि बुडतं म्हणूनच जगतं. डासही त्याच पाण्यावर जगतात. थांबलात तर चावतात, चालत राहिलात तर मागे पडतात. तीस किलोमीटर न थांबता जाण्याचं याहून चांगलं कारण मला सुचलं नाही.

हे वन जाणार होतं. हाइनबुर्गजवळ आणखी एक जलविद्युत केंद्र बांधायचं ठरलं होतं, आणि ते झालं असतं तर मोकळी नदी थबकून वन हळूहळू मेलं असतं. मे १९८४मध्ये विरोधकांनी व्हिएन्नात पत्रकार परिषद घेतली ती प्राण्यांच्या वेषात. पत्रकार ग्युन्टर नेनिंग सांबरासारखी शिंगं लावून आले, नाटककार पेटर टुरिनी बेडूक होऊन. लोक हसले. डिसेंबरात हसू ओसरलं. ८ तारखेला हजारो माणसं श्टोप्फेनरॉइटच्या जंगलात गेली आणि बरीचशी परत आलीच नाहीत. तंबू ठोकून, बर्फात शेकोट्या पेटवून राहिली, म्हणजे झाडं तोडायला आलेल्यांना आधी माणसं हलवावी लागावीत. १९ डिसेंबरला पोलिसांनी लाठ्या चालवल्या, माणसं जखमी झाली, आणि त्याच संध्याकाळी व्हिएन्नाच्या रस्त्यांवर हजारोंचा मोर्चा निघाला. नाताळच्या तोंडावर चॅन्सेलर फ्रेड झिनोवात्स यांनी काम थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं नाही. पुढे लोकवर्गणीतून इथली ४११ हेक्टर जमीन विकत घेण्यात आली, आणि १९९६मध्ये डोनाऊ-आउएन राष्ट्रीय उद्यान झालं.

श्टोप्फेनरॉइटला बांध सोडून आत वनात उतरता येतं. सायकल हातात धरून मी थोडा गेलो. जमीन मऊ, गाळाची, कालपरवाच्या पाण्याची रेघ झाडांच्या खोडांवर माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. शेजारच्या झाडावर तशीच आणखी एक जुनी रेघ होती, खांद्याच्या वर.

परत येऊन हाइनबुर्गच्या पुलावर चढलो. तारांवर तोललेला मोठा पूल, मोटारींचा. सायकलसाठी कडेला पट्टी आहे. चार दिवसांत प्रथमच एक ट्रक इतका जवळून गेला की हँडल थरथरलं. मधोमध थांबून खाली पाहिलं तर वन नदीच्या दोन्ही अंगांनी पसरलेलं, आणि काठावर पांढरी पाटी. आकडा वाचायला मी झुकलो, तेवढ्यात मागून दुसरा ट्रक आला.